तिरका काप

चहा घ्या आधी. किटलीचं बटण बंद केलंस ना? प्लगही काढून ठेव, सवय चांगली. हं. आता बसा. सर्व्हरचा हॉल आपल्या ताब्यात तीन वाजता मिळणार आणि आत्ता कुठे दीड वाजतोय. झोपू मात्र नका. झोपलात तर उठवायला तुमच्या आया इथे येणार नाहीत, मलाच यावं लागेल, आणि माझे गुडघे कधीचे संपावर गेलेत.

मघाशी तुमचं रजिस्टर चाळलं मी. एकशे चाळीस वस्तू, सगळ्या पास. साडेआठलाच संपलं म्हणता? वा. आम्हाला अख्खी रात्र लागायची. नाही, मी कुठे काय म्हणतोय? तुमची मशीनं नवीन, हात तरुण. चहा थंड होतोय, घे.

तर एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाची आहे. काम त्याचं तुमचंच. डेटा सेंटरमध्ये जे जे काही वायरीला लोंबतं आणि हातात उचलून नेता येतं, ते तपासायचं. एक्स्टेंशन बोर्ड, टेबल फॅन, हँड लॅम्प, ड्रिल, व्हॅक्यूम. वायर सोलली आहे का, अर्थिंग शाबूत आहे का, धातूच्या अंगात करंट उतरतोय का. ठीक असेल तर हिरवं लेबल, त्यावर तारीख आणि आपली सही. लोक त्याला पासभाऊ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि मागे हसायचे, की गाढवाला शेपटीच्या जागी वायर जोडून आणली तरी हा पास करेल. त्यालाही हसू यायचं. सुरुवातीला.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री साडेनऊला त्याने गेटवर सही केली, मोबाइल जमा केला, मशीनची पेटी खांद्याला अडकवली आणि आत गेला. गावाबाहेर, बायपासच्या कडेला, बिनखिडक्यांची पांढरी इमारत. बाहेरून कोणाला वाटावं कोंबड्यांचं खुराडं आहे, आणि आत अर्ध्या जगाचे फोन, पगार नि फोटो. सकाळी आठला तपासणीचे साहेब येणार होते. त्याआधी एकशे साठ वस्तू हातावेगळ्या करायच्या होत्या.

आणि माणूस दमलेला होता. आपण म्हणतो तसा दमलेला नाही. त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर फरशी बदलायचं काम चाललं होतं. हा रात्रभर कामावर, सकाळी घरी येऊन पाठ टेकली की वर ठोकाठोकी सुरू. अकरा दिवस डोळ्याला डोळा नव्हता. बायको म्हणायची, "रजा टाका हो." हा म्हणायचा, "टाकतो." पण रजा टाकायलाही अर्ज लिहावा लागतो, आणि पेन धरायचंही त्राण नव्हतं.

त्याला हे काम शिकवलं होतं एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. त्या रात्रीच्याही बावीस वर्षं आधी, दुसऱ्याच एका जागी. मिस्त्रीची एक पद्धत होती, ती नीट ऐका. वस्तू नापास झाली की तो लाल लेबल लावत बसायचा नाही. म्हणायचा, "लाल लेबल कोण वाचतंय रे? ज्याला घाई आहे तो रंग बघत नाही. नापास म्हणजे प्लगच कापायचा. मग लावून दाखव म्हणावं!" प्लगला चार बोटं वायर ठेवून तिरका काप घ्यायचा. आणि कापलेला प्लग कुठे टाकायचा नाही. कोणी तो भिंतीत खुपसला आणि उघड्या तारांना हात लावला तर मेलाच. म्हणून प्लग थेट खिशात. संध्याकाळपर्यंत पाच-सहा प्लग जमायचे, आणि मिस्त्री चालायला लागला की खिशातून आवाज यायचा, खुळखुळ... खुळखुळ... गोट्या जिंकून घरी निघालेल्या पोरासारखा. आवाजावरून कळायचं मिस्त्री कोणत्या खोलीत आहे ते.

आणखी एक म्हणायचा तो. "तुझी सही दिसली की मी दुसऱ्यांदा तपासत नाही." शिष्यावर एवढा विश्वास.

तर तिथे एकदा असं झालं. एका दुपारी या आपल्या माणसाने शेवटच्या सात वस्तू तपासल्याच नाहीत. बसल्या जागी लेबलं लिहिली आणि चिकटवली. सिनेमाची तिकिटं काढून ठेवली होती, दुसरं काही नाही. त्या सातांत एक ड्रिल होतं, जुनं, धातूच्या अंगाचं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ते उचललं, लेबल बघितलं, सही बघितली...

दुसऱ्यांदा तपासलं नाही.

लोक डॉक्टरांना आणायला धावले. हा एकटा मिस्त्रीजवळ राहिला. आणि त्याने काय केलं असेल? छाती चोळली नाही, तोंडात पाणी घातलं नाही. नखाने ते लेबल खरवडून काढलं आणि मोरीत सोडलं. मिस्त्री गेला. चौकशी झाली, कागद झाले. कागदावर आलं, की मिस्त्रीने न तपासलेलं यंत्र वापरलं, निष्काळजीपणा त्याचा स्वतःचाच. ज्या माणसाने उभ्या जन्मात न तपासलेला दिवा लावला नाही, त्याच्या नावावर हे लागलं. मिस्त्रीच्या बायकोलाही तेच सांगितलं गेलं. सांगायला कोण गेलं? हाच.

त्यानंतर वाटलं होतं, आता जन्मात असं करणार नाही. पण माणूस शपथ विसरतो आणि सवय लक्षात ठेवतो. वर्षाकाठी एखाद-दोनदा व्हायचंच. उशीर झालाय, वस्तू नवीनच दिसतेय, लाव लेबल. आणि गंमत म्हणजे, अशा वस्तूंतल्या एखादीचा प्लग दुसऱ्या दिवशी कापलेला मिळायचा. प्लग गायब. तो स्वतःला सांगायचा, शिफ्टमधल्या कोणीतरी कापला असेल. कोणी, ते त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना.

हं. तर ती रात्र.

पावणेदोन वाजले तेव्हा एकशे एकोणपन्नास वस्तू झाल्या होत्या. उरल्या अकरा. स्टोअरच्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या. तीन बोर्ड, तीन टेबल फॅन, दोन हँड लॅम्प, एक सोल्डरिंग आयर्न, एक हॉट एअर गन आणि व्हॅक्यूम. आता मशीनवरचे आकडे त्याला दोन-दोन दिसत होते. चिमटा लावायला गेला की हात भलतीकडे जायचा. तो एका पालथ्या क्रेटवर बसला. पाच मिनिटं बसतो म्हणाला. मग खिशातून लेबलांची गुंडाळी काढली. अकरा लेबलं लिहिली. अकरा सह्या. अकराही चिकटवली.

कसं वाटलं म्हणाल? काहीही वाटलं नाही. दमलेल्या माणसाचं आधी वाटणंच बंद होतं, तेवढं लक्षात ठेवा.

दोन वाजता सफाईच्या मावशी आल्या. त्या व्हॅक्यूमला हत्ती म्हणायच्या. पोट मोठं, सोंड लांब, रंग राखाडी. रोज रात्री मावशी आणि हत्ती सर्व्हरच्या गल्ल्यांमधून फिरायचे, धूळ खात.

"भाऊ, माझा हत्ती झाला का तपासून?"

"झाला, मावशी. न्या."

"लवकर उरकते आज. सहाच्या गाडीने लेकीकडे जायचंय. नातू झालाय, सांगितलंच नाही का मी तुम्हाला? बाराच दिवसांचा आहे." पिशवीतून त्यांनी एक विणलेलं टोपरं काढून दाखवलं. मुठीत मावेल एवढं. ते दाखवायला त्यांनी आधी हात पुसले, कारण फरशी पुसून हात ओले होते.

ओले हात. ते त्याने बघितलं.

हत्तीवरचं ताजं हिरवं लेबल मावशींनी बोटाने दाबून नीट बसवलं आणि म्हणाल्या, "तुमची सही आहे म्हटल्यावर मला कसली काळजी?"

...

बावीस वर्षांनी तेच वाक्य. थांबा म्हणायचं होतं. दोन मिनिटं द्या, मी बघतो, एवढंच. पण ते म्हटलं तर मावशी विचारणार, मग हे लेबल कसलं? मावशी हत्तीला ओढत निघून गेल्या. चाकांचा आवाज कोपऱ्यावर वळला, मग दार लागलं.

तो तसाच बसून राहिला. समोर भिंतीवर घड्याळ. दोन वाजून नऊ मिनिटं. स्वतःला म्हणाला, मिस्त्रीनंतर इतक्या वर्षांत काय झालं? काही नाही. आजही काही होणार नाही. असं म्हणता म्हणता मान खाली गेली असावी. कारण पुढे त्याने घड्याळ बघितलं तेव्हा दोन सतरा झाले होते.

आणि आवाज येत होता.

तुम्ही हॉलमध्ये रोज जाता. तिथला आवाज तुम्हाला माहीत आहे. हजारो पंखे, एकसारखी घूं घूं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या घूं घूंमधून, अगदी स्पष्ट...

खुळखुळ.

थांबून पुन्हा. खुळखुळ... खुळखुळ.

तो उठला. कार्ड लावलं. दार उघडलं. थंड वारा अंगावर आला. आत अंधार होता. तिथले दिवे माणूस चालेल तसे लागतात हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ज्या गल्लीत, त्या गल्लीचा दिवा. पुढे गेलात की मागचा विझतो.

सातव्या गल्लीचा दिवा लागलेला होता.

तो म्हणाला, "मावशी?"

...

सातवीचा विझला. आठवीचा लागला. तिथे कोणी नव्हतं. त्याला आरपार दिसत होतं. रिकामी गल्ली, पांढरी फरशी, दोन्ही बाजूंना कपाटं. कोणी नाही. पण दिवा लागला. मग विझला. नववीचा लागला. कोणीतरी चालत होतं. हळू. पाय ओढत. दिवसभर राबून घरी निघालेला माणूस चालतो तसं.

खुळखुळ.

मावशी अगदी टोकाला, कपाटांआड, बाराव्या गल्लीत असायच्या. भिंतीवरचं सॉकेट तिकडेच. सर्व्हरच्या कपाटातल्या सॉकेटपट्टीत बाहेरचं काही लावायचं नाही हा नियम मावशी प्राणपणाने पाळायच्या.

दहावी.

तो तिकडे निघाला. पळायला गेला, पळवेना. अकरा दिवसांची झोप पायात साचली होती.

अकरावी. इथे दिवा लागला आणि... लागलेलाच राहिला.

आपला माणूस त्या गल्लीच्या तोंडाशी आला.

समोर एकजण पाठमोरा होता. बारावीतून सरकत आलेल्या वायरीच्या टोकावर वाकलेला. खाकी सदरा, उजवा खिसा ओझ्याने खाली ओघळलेला. हातात कटर. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी याने स्वतः गुंडाळून दिली होती. बावीस वर्षांपूर्वी.

याने हाक मारली.

"मिस्त्री..."

तो वळला नाही. कटर चालल्याचा आवाज आला. एकदाच. कट्. मग काहीतरी खिशात पडलं.

"मिस्त्री, मी..."

"तू बस." आवाज तोच. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, तो म्हणायचा मला नंतर. "तू दमला असशील."

...

"मीही दमलोय रे."

...

"बावीस वर्षं... किती फिरू तुझ्या मागे?"

दिवा विझला.

अंधार. घूं घूं. दुसरं काही नाही.

आणि मग बाराव्या गल्लीतून मावशींचा आवाज. "अहो भाऊ! हे काय, माझा हत्ती कोणी बांडा केला? शेपटीचं टोकच नाही!"

तो धडपडत गेला. मावशी सॉकेटपाशी उभ्या होत्या. एका हातात फडकं, ओलं. दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची वायर. तिच्या टोकाला प्लग नव्हता.

"आत्ता होता," मावशी म्हणाल्या. "मी वायर उलगडली, फडकं घ्यायला पाठ वळवली, वायर उचलली तर हे. कोण आलं होतं इथे?"

वायरीचा काप तिरका होता.

तो स्टोअरमध्ये परत गेला. पेटी आणली. मशीन लावलं. धातूच्या अंगाला चिमटा लावला आणि आकडा बघितला. मग दुसऱ्यांदा बघितला. मग मशीन मावशींच्या समोर धरलं. मावशींना आकड्यातलं काय कळणार, पण त्याच्या चेहऱ्यातलं कळलं. वायर आत शिरते तिथे सोलून पत्र्याला टेकली होती, आणि अर्थिंगची तार तुटलेली. सगळा करंट अंगावर उतरला असता. ओल्या हातांत. मावशींनी पिशवीतलं टोपरं काढलं आणि नुसतं हातात धरून बसल्या.

मग तो रडला. मोठ्याने. घूं घूंमध्ये कोणाला ऐकू जात नव्हतं म्हणून बरं.

उरलेल्या दहा वस्तू त्याने पाच वाजेपर्यंत तपासल्या, एकेक, हातात मशीन घट्ट धरून. दहाही ठीक निघाल्या. एवढ्या वस्तूंमध्ये एकच प्लग कापला होता, जो कापायचा तोच. तो प्लग त्यांनी हॉलभर शोधला. फरशीच्या लाद्या उचलून शोधला. नाही मिळाला.

आठ वाजता साहेब आले. त्याने रजिस्टर पुढे ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं, अकरा लेबलं मी खोटी लावली होती. साहेब म्हणाले, "पण आता तपासलीत ना? मग विषय संपला." सुटत होता बघा, आयता सुटत होता. तो म्हणाला, "नाही साहेब, संपला नाही. अजून एक लेबल आहे. बावीस वर्षांपूर्वीचं." आणि सगळं सांगितलं. दुपारपर्यंत नोकरी गेली. घरी आला, वर ठोकाठोकी चालू होती, आणि हा त्या ठोकाठोकीत संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या बायकोकडे गेला. म्हातारी दारातच उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तुझं फार कौतुक करायचे." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. तो म्हणतो, त्या हळू लावलेल्या दाराइतकं त्याला आयुष्यात काही लागलं नाही.

त्यानंतर कुठे कापलेला प्लग मिळाला नाही. एकदाही नाही. म्हातारा निजला असेल, असं त्याने धरलं. खिशातले प्लग काढून ठेवले असतील, पाय पसरले असतील. बावीस वर्षांनी. आता तो माणूस नवीन पोरापोरींना हेच काम शिकवतो. पगार कमी आहे, पण झोप लागते.

कोण तो? असेल कोणीतरी. तुम्हाला नावं काय करायचीत?

चला, अडीच वाजत आले. अजून एकेक कप करा, मग हॉल उघडेलच. ऊठ गं, तू किटलीच्या जवळ आहेस.

...

काय झालं?

लागत नाही? प्लग लाव ना आधी. मघाशी काढून ठेवायला लावला होता मी.

...

प्लग नाही म्हणजे?

...

मघाशी याच किटलीत चहा केला ना आपण? सगळे प्यायलो. मी इथून उठलो का? कोणी उठलं? नीट आठवून सांगा. दार उघडलं होतं कोणी?

...

लेबल कोणाचं आहे तिच्यावर? वाच. मोठ्याने वाच.

तुझं.

...

तपासली होतीस? माझ्याकडे बघ. ओरडत नाहीये मी. खरं सांग.

...

आणि बाकीच्या किती? ...सगळ्यांनी मिळून किती?

...

निजला होता रे तो. दमलेल्या माणसाला परत उठवलंत.

रडू नकोस. उठा. मशीनं आणा. एकशे चाळीस, पहिल्यापासून. मी आहे तुमच्याबरोबर, गुडघे गेले खड्ड्यात. प्लग शोधत बसू नका, तो सापडणार नाही. ती किटली इकडे दे आधी. वायर दाखव... उजेडात धर.

...

हं. तिरकाच आहे.